हडकुळ्या मांजराला बाळसं धरायला लावताना

दत्तक आणलेल्या मांजराच्या पाठीवरून हात फिरवला आणि मणके एकेक करून बोटांना लागले, की घरातल्या सगळ्यांना एकच सुचतं: याला आधी पोटभर खाऊ घालू या. कुणी दूधभात कालवतं, कुणी चिकनच्या दुकानातून कलेजी आणतं, कुणी वाटी काठोकाठ भरून ठेवतं. माया खरी असते. पण नव्या घरातल्या पहिल्याच आठवड्यात जुलाब, उलट्या आणि कधी त्याहून वाईट काही होतं, ते अनेकदा याच घाईमुळे.

मांजर हडकतं त्याला तीनपैकी निदान एक कारण असतं. त्याला अन्न मिळालं नाही, किंवा मिळालं पण खाता आलं नाही, किंवा खाल्लं पण ते अंगी लागलं नाही. पहिल्या प्रकारच्या मांजराला योग्य खाणं आणि थोडा वेळ एवढं पुरतं. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारच्या मांजरासमोर कितीही महागडं खाणं ठेवलं तरी काटा हलत नाही, कारण दुखणं दातात, नाकात किंवा आतड्यात असतं. आपल्याकडचं मांजर यातलं कोणतं, हे बाहेरून बघून कळत नाही. रस्त्यावरून आलेल्या मांजरात तर दोन-तीन कारणं एकत्रच नांदत असतात.

किती हडकलंय, हे आधी हाताने बघा

नुसत्या किलोवरून फसायला होतं. लहान चणीची तीन किलोची भाटी ठणठणीत असू शकते आणि थोराड हाडाचा बोका चार किलोलाही हडकलेला असू शकतो. म्हणून पशुवैद्य वजनासोबत शरीराची ठेवण बघतात आणि तिला १ ते ९ असे गुण देतात. ५ म्हणजे योग्य. बरगड्या दिसत नाहीत, पण हलक्या हाताने चाचपल्या तर पातळ थराखाली लगेच लागतात. वरून पाहिलं तर बरगड्यांच्या मागे कंबर दिसते. ३ गुणांच्या मांजराच्या बरगड्यांवर जेमतेम चरबी असते, कण्याची हाडं लागतात, पोट आत गेलेलं असतं. १ म्हणजे आखूड केसांच्या मांजराची सगळी हाडं लांबूनही दिसतात. साधारणपणे एक गुण खाली म्हणजे योग्य वजनापेक्षा दहा ते पंधरा टक्के कमी, असा हिशोब धरतात.

लांब केसांच्या मांजरात डोळ्यांवर अजिबात भरवसा ठेवू नका. पर्शियन मांजर गुबगुबीत दिसतं आणि अंघोळीला ओलं केल्यावर आतून काडीसारखं निघतं.

आणखी एक गोष्ट चाचपायची, ती म्हणजे स्नायू. खांद्याची पाती, कण्याच्या दोन्ही बाजू, मांड्या आणि कानांच्या पुढची कपाळपट्टी. इथलं मांस झडलं असेल तर मांजराने चरबी संपवून स्वतःचे स्नायू जाळायला घेतलेत, असा त्याचा अर्थ. चरबी तुलनेने लवकर परत येते. स्नायूंना वेळ लागतो आणि त्यासाठी भरपूर प्रथिनं लागतात.

पोट टरारलेलं आणि पाठ मात्र हाडकुळी, असं दिसलं तर ‘बरं खातंय’ असं समजू नका. पिल्लात ते बहुधा जंतांमुळे असतं. मोठ्या मांजरात गर्भारपण असू शकतं किंवा पोटात पाणी झालेलं असू शकतं. तरुण मांजरांना होणाऱ्या एफआयपी या आजारातही असं पाणी भरतं, आणि त्यात दिवस घालवून चालत नाही.

डॉक्टरांकडे पहिल्या दोन-तीन दिवसांत

मांजर घरात जरा स्थिरावू दे, मग बघू, असं अनेकांना वाटतं. खात-पीत, हिंडत असेल तर दोन दिवस थांबलं तरी चालेल. पण हिरड्या पांढुरक्या असतील, नाक वाहत असेल, जुलाब होत असतील किंवा ते खातच नसेल, तर त्याच दिवशी न्या. जाताना ताजी शी छोट्या डबीत घेऊन जा. सूक्ष्मदर्शकाखाली तिची तपासणी स्वस्त असते आणि हडकुळ्या मांजराबद्दल तिच्याइतकं सांगणारी चाचणी क्वचितच सापडते. गोल जंत, अंकुशकृमी, किंवा कॉक्सिडिया, जिआर्डिया हे डोळ्यांना न दिसणारे परजीवी, यांतलं काय आहे, त्यावर औषध ठरतं. जंताचं एकच औषध सगळ्यांवर चालत नाही. पायरँटेल गोल जंतांवर आणि अंकुशकृमींवर चालतं, पट्टकृमींवर नाही. त्यांना प्राझिक्वांटेल लागतं. मांजराच्या शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे असतात. हा कृमी पिसवांमधून येतो, चाटताना मांजर पिसू गिळतं. म्हणजे पिसवा न घालवता नुसतं जंताचं औषध दिलं, तर काही आठवड्यांनी पुन्हा तेच. बहुतेक वेळा औषधाचा दुसरा डोस दोन-तीन आठवड्यांनी द्यावा लागतो, आणि घरोघरी नेमका तोच राहून जातो.

पिसवांवरून एक इशारा द्यायलाच हवा. कुत्र्यांसाठीची मानेवर टाकायची औषधं मांजराला कधीही लावू नका. त्यांतल्या अनेकांत परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजराला झटके येतात आणि जीव जाऊ शकतो. ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणं त्याहूनही घातक आहे. ते औषध मोडून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात पुरेशी नसते. एका गोळीनेही मांजर दगावू शकतं.

डॉक्टरांना तोंड उघडून बघायला सांगा. हिरड्या लालभडक सुजलेल्या, दाताच्या मुळाशी खड्डा पडलेला, जिभेवर फोड, असं काही असेल तर मांजर वाटीपाशी येतं, वास घेतं, एक घास घेऊन मागे सरतं. लोकांना वाटतं की नखरे करतंय. त्याला भूक असते, पण चावताना कळ येते. रक्ताच्या तपासणीत रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत आणि साखर बघतात. फार हडकलेल्या मांजरात फॉस्फरस आणि पोटॅशियमही बघायला हवं. का, ते पुढे येतंय. एफआयव्ही आणि ल्युकेमिया या मांजराची प्रतिकारशक्ती खचवणाऱ्या विषाणूंची चाचणी रक्ताच्या थेंबावर काही मिनिटांत होते. मांजर वयस्क असेल, भसाभस खात असेल आणि तरी हडकत असेल, तर थायरॉइड आणि मधुमेह यांचा विचार आधी करावा.

खर्चाची धास्ती असते, आणि ती रास्त आहे. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, हे मार्ग असतात. सगळ्या चाचण्या एकदम करणं शक्य नसेल तर डॉक्टरांना तसं सरळ सांगा आणि आधी कोणती करायची ते त्यांनाच ठरवू द्या. शी तपासणं आणि तोंड बघणं मात्र सोडू नका.

घरात आधीची मांजरं असतील तर नवं मांजर किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, भांडी आणि लिटर ट्रेही वेगळे. पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या संसर्गाचा विषाणू घरात कित्येक महिने टिकून राहतो आणि लस न टोचलेल्या पिल्लांना भराभर घेऊन जातो. वेगळ्या खोलीचा वजनाच्या दृष्टीनेही फायदा असतो: कुणी किती खाल्लं आणि कुणाला जुलाब झाले, हे कळतं. दडपलेलं मांजर दुसऱ्यासमोर पोटभर खातही नाही.

उपाशी शरीराला एकदम खाऊ घातलं तर

आता त्या फॉस्फरसकडे येऊ. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे प्रेमापोटी जीव धोक्यात येतो.

कित्येक दिवस उपाशी राहिलेलं शरीर साखरेवर चालणं सोडून स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. या काळात पेशींमधले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हे क्षार हळूहळू रिकामे होतात. रक्त तपासलं तर आकडे ठीकठाक दिसतात, कारण पेशी स्वतः रित्या होऊन रक्तातली पातळी सांभाळत असतात. अशा मांजराला एकदम भरपूर खाणं दिलं, त्यातही पिष्टमय पदार्थ दिले, की इन्सुलिन झपाट्याने वाढतं. इन्सुलिन साखरेला पेशीत ढकलतं आणि तिच्यासोबत रक्तातले हे क्षारही आत ओढले जातात. रक्तातला फॉस्फरस एकदम कोसळतो. तांबड्या पेशी फुटायला लागतात, स्नायू लुळे पडतात, श्वास आणि हृदयाचे ठोके बिघडतात. हे घडतं ते बहुधा खाणं सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत, म्हणजे घरच्यांना ‘आता सुधारतंय’ असं वाटत असतानाच. माणसांतही हेच होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेल्या उपाशी कैद्यांना पोटभर जेवण मिळालं आणि त्यातले काही त्या जेवणानंतरच दगावले. तेव्हापासून डॉक्टर या प्रकाराकडे गांभीर्याने बघायला लागले.

म्हणून अनेक दिवस कुठेतरी अडकून पडलेलं, बंद गाळ्यात किंवा विहिरीत सापडलेलं, हाडांचा सापळा झालेलं मांजर असेल तर त्याला घरी खाऊ घालायला सुरुवात करण्याआधी डॉक्टरांकडे न्या. अशा मांजराला पहिल्या दिवशी गरजेच्या साधारण पाव हिस्साच ऊर्जा देतात, तीही पाच-सहा वेळा विभागून, आणि पुढचे चार ते दहा दिवस रक्तातले क्षार बघत बघत मात्रा वाढवतात. ग्लुकोजचं पाणी आणि भाताची पेज अशा वेळी मनाने देऊ नये.

सुदैवाने बहुतेक दत्तक मांजरं या टोकाला गेलेली नसतात. कोळीवाड्यात किंवा सोसायटीच्या आवारात रोज थोडंफार खाऊन जगणारं बारकं मांजर आणि आठ दिवस काहीच न खाल्लेलं मांजर यांत फरक आहे. पहिल्याला हा धोका कमी असतो. तरीही त्याच्या आतड्याला नव्या खाण्याची सवय नसते, त्यामुळे पहिले तीन-चार दिवस हात आखडताच ठेवावा.

काय घालायचं

‘मांजर डोळे मिटून दूध पितं’ हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, की मांजर म्हणजे दूध हे डोक्यात पक्कं बसलंय. पिल्लू आईचं दूध सोडतं तसं त्याच्या आतड्यातलं दुधातली साखर पचवणारं विकर कमी होत जातं. मग गाईम्हशीचं दूध अनेक मांजरांना जुलाब करतं, आणि हडकुळ्या मांजराचं पाणी आणि क्षार अशा वेळी वाहून जाणं परवडत नाही. दूधपोळीत आणि दूधभातात पोट भरण्यापुरती पिष्टं असतात, मांजराला हवी तेवढी प्रथिनं नसतात.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे, आणि हे शाकाहारी घरांनी मांजर आणण्याआधी नीट समजून घ्यावं. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही आणि ते प्राणिज अन्नातच मिळतं. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवणंही त्याला जमत नाही. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हृदय फुगून निकामी होणाऱ्या मांजरांमध्ये टॉरिनची कमतरता होती आणि टॉरिन दिल्यावर ती सुधारत होती. त्यातली अनेक मांजरं तयार, विकतचं खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी खाण्यातलं टॉरिन वाढवलं. घरात मांस शिजवायचं नसेल तर चांगलं तयार खाणं हा सोयीचा मार्ग आहे. कुत्र्याचं खाणं मात्र मांजराला रोज घालू नये, त्यात मांजराच्या गरजेएवढं टॉरिन असेलच असं नाही.

मांसाहारी घरात चूक होते ती दुसऱ्या बाजूने. रोज नुसतं उकडलेलं चिकन. मांजर ते आवडीने खातं, वजनही वाढतं, आणि आत हाडं ठिसूळ होत असतात. नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. मांजराला कॅल्शियम निदान फॉस्फरसएवढं तरी हवं असतं. ही तूट शरीर हाडांतून भरून काढतं. वाढत्या पिल्लात तर सोफ्यावरून उडी मारली आणि पाय मोडला, इथवर वेळ येते. नुसती कलेजी महिनोन्‌महिने घातली तर ‘अ’ जीवनसत्त्व साचून मानेचे मणके एकमेकांना चिकटतात. आणि किनारपट्टीवर मासळीचं कौतुक असतं, पण काही कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे ‘ब१’ जीवनसत्त्व, नष्ट करणारं विकर असतं. त्याच्या अभावाने मांजराची मान खाली झुकते, चाल झोकांड्या खाते, झटके येतात. मासे शिजवून, काटे काढून, आठवड्यातून एक-दोनदा द्या. खारवलेली सुकट नको.

चिकन देऊच नये असं यातून निघत नाही. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत, पोट नाजूक असताना, मीठ-मसाला न घालता उकडलेलं चिकन हे पचायला सोपं आणि वासाला जोरदार असतं. छातीपेक्षा मांडीचं मांस घ्या, त्यात टॉरिन जास्त असतं. आणि उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरलेलं असतं. कांदा-लसूण घातलेल्या रश्शातलं मांस धुऊनही देऊ नये. कांद्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कायमचं मुख्य खाणं मात्र संपूर्ण आहार असलेलं असावं. पुडक्यावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय की ‘कॉम्प्लिमेंटरी’, हे बघा. दुसरा शब्द असेल तर ते वर तोंडी लावायला आहे, त्याच्यावर मांजर जगवता येत नाही.

लेबलवरच्या आकड्यांची एक गंमत समजली पाहिजे. ओल्या पाऊचवर प्रथिनं १० टक्के आणि कोरड्या दाण्यांवर ३२ टक्के लिहिलेली असतात, म्हणून दाणे तिप्पट पौष्टिक ठरत नाहीत. पाऊचमध्ये ८२ टक्के पाणी आहे. उरलेल्या १८ भागांतले १० भाग प्रथिनं, म्हणजे कोरड्या हिशोबाने साधारण ५६ टक्के. दाण्यांत पाणी १० टक्के, म्हणजे ९० मधले ३२, साधारण ३६ टक्के. दाण्यांचा फायदा वेगळा आहे: मूठभर दाण्यांत ऊर्जा ठासून भरलेली असते. १०० ग्रॅम दाण्यांत साधारण ३५० ते ४०० कॅलरी, तर ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये बहुधा ६० ते ८०. हडकुळ्या मांजराला दोन्ही मिळून द्यावं असं माझं मत आहे. ओल्याने पोटात पाणी जातं आणि वासाने भूक उघडते, कोरड्याने कॅलरी भरतात. मोठ्या मांजरालाही काही आठवडे पिल्लांसाठीचं खाणं द्यायला हरकत नाही, त्यात प्रथिनं आणि ऊर्जा दोन्ही जास्त असतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

खाणं बदलताना जुनं आणि नवं मिसळून, आठवडाभरात नव्याचं प्रमाण वाढवत न्या. आधी ते काय खात होतं हे आणताना विचारून घ्या. पावसाळ्यात दाण्यांची मोठी पिशवी उघडी ठेवू नका. दमट हवेत त्यातली चरबी खवट होते, बुरशी धरते, आणि मांजराला तो वास आपल्याआधी येतो. मुंग्यांसाठी वाटी पाण्याच्या ताटलीत ठेवायची घरगुती युक्ती इथेही चालते.

किती घालायचं

यासाठी पशुवैद्य वापरतात ते सूत्र फोनच्या कॅल्क्युलेटरवर करता येतं. किलोतलं वजन तीनदा एकमेकांशी गुणा, येईल त्याचं दोनदा वर्गमूळ काढा, आणि त्याला ७० ने गुणा. मांजर नुसतं पडून राहिलं तरी दिवसाला लागणाऱ्या कॅलरी मिळतात.

समजा भाटी २.६ किलोची आहे आणि तिच्या हाडापेराला ३.५ किलो शोभेल असं डॉक्टर म्हणाले. २.६ × २.६ × २.६ म्हणजे १७.५८. एकदा वर्गमूळ ४.१९, पुन्हा वर्गमूळ २.०५, गुणिले ७०, म्हणजे साधारण १४३ कॅलरी. सुरुवात इथून करायची. ८५ ग्रॅमचा एक पाऊच आणि वीस-बावीस ग्रॅम दाणे यांत तेवढं होतं. शी घट्ट राहिली, उलटी झाली नाही, तर आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यायचं. पोचायचं आहे ते ३.५ किलोच्या हिशोबाला: तेच सूत्र लावलं की १७९ येतात, आणि त्यांना १.२ ने गुणलं की सुमारे २१५. दोन पाऊच आणि वीस-बावीस ग्रॅम दाणे. एवढ्यावर काटा हलला नाही तर १.४ ने गुणून २५० पर्यंत जाता येतं. प्रत्येक मांजराचा खर्च वेगळा असतो, त्यामुळे सूत्र नुसतं सुरुवात करून देतं, पुढचं वजनकाटा सांगतो.

दाणे वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजा. दहा ग्रॅम इकडेतिकडे म्हणजे जवळपास चाळीस कॅलरी, एवढ्या लहान प्राण्यासाठी तो मोठा हिस्सा झाला.

दिवसातून दोनदा भरपेट ही सवय माणसाची. मोकाट मांजर दिवसभरात दहा-वीस छोट्या शिकारी करून खातं; एक उंदीर म्हणजे साधारण तीस कॅलरी. हडकुळ्या मांजराचं पोटही आकसलेलं असतं. त्यामुळे चार ते सहा वेळा थोडं थोडं. सगळे कामावर जात असतील तर सकाळी, परतल्यावर आणि झोपण्याआधी ओलं द्या आणि मधल्या वेळेसाठी मोजून घेतलेले दाणे ठेवून जा. रस्त्यावर उपासमार सोसलेली काही मांजरं दिसेल ते बकाबका गिळतात आणि लगेच अख्खं उलटून टाकतात. त्यांना पसरट ताटलीत पातळ थर करून द्यावं.

दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर वेगळे नियम आहेत. चार आठवड्यांखालच्या पिल्लाला मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर लागते. आणि हाताला अंग गार लागणाऱ्या पिल्लाला कधीही भरवू नका. थंड शरीरात पचन थांबलेलं असतं, दूध आत कुजतं किंवा फुप्फुसात जातं. आधी ऊब, मग दूध. निरोगी पिल्लू रोज दहा-पंधरा ग्रॅम भरतं आणि पाच महिन्यांपर्यंत महिन्याला साधारण साडेचारशे ग्रॅमने वाढतं. दोन महिन्यांचं पिल्लू पाचशे ग्रॅमचं असेल तर ते निम्म्यावर आहे.

खातच नसेल तर

नव्या घरात मांजर कपाटामागे दडून बसतं आणि वाटीकडे ढुंकूनही बघत नाही. त्याला पूर्ण घर देऊ नका, एक शांत खोली द्या. त्यात दडायला पुठ्ठ्याचं खोकं, खाणं एका कोपऱ्यात, लिटर ट्रे दुसऱ्या कोपऱ्यात, पाणी खाण्यापासून थोडं दूर. पाहुण्यांना आठवडाभर थांबायला सांगा. पुष्कळ मांजरं घर निजल्यावर येऊन खातात, म्हणून रात्रीची वाटी मोजून ठेवा आणि सकाळी बघा.

मांजर खाणं निवडतं नाकाने. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर सुरमईचा तुकडाही त्याला लाकडासारखा. ओलसर फडक्याने नाक पुसून, बाथरूममध्ये गरम पाण्याची वाफ कोंडून त्याला दहा मिनिटं तिथे आपल्यासोबत बसवलं, की मग अनेकदा ते खातं. फ्रिजमधलं ओलं खाणं अंगाच्या उबेइतकं कोमट करून द्या, वास सुटतो. उन्हाळ्यात ते तास-दीड तासाच्या वर उघडं ठेवू नका.

जबरदस्तीने तोंडात कोंबू नका. घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, आणि ते खाणं त्याच्या मनात भीतीशी जोडलं जातं ते वेगळंच. पण वाट तरी किती बघायची? पिल्लू असेल तर अर्ध्या दिवसाच्या वर नाही. मोठं मांजर पूर्ण एक दिवस काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन करा, दुसरा दिवस उलटू देऊ नका. उपाशी मांजराची चरबी यकृतात येऊन साचते आणि यकृत बंद पडायला लागतं. जाड मांजरात हे जास्त होतं, पण बारीक मांजर त्यातून सुटलेलं नाही. मळमळ थांबवणारी आणि भूक उघडणारी औषधं मिळतात. माणसांच्या नैराश्यावरचं मिर्टाझापिनही अगदी लहान मात्रेत मांजराची भूक वाढवायला देतात. ती मात्रा डॉक्टरांनीच ठरवायची. बाजारातल्या टॉनिकच्या बाटल्यांवर माझा विश्वास नाही. आतड्याच्या आजारात ‘ब१२’ ची इंजेक्शनं खरंच उपयोगी पडतात, पण ती तपासणीनंतर.

काट्यावर काय बघायचं

आठवड्यातून एकदा, त्याच वेळी, खाण्याआधी वजन करा. माणसांच्या काट्यावर आधी मांजर घेऊन आणि मग एकट्याने उभं राहून वजाबाकी केली तर शंभर-दोनशे ग्रॅमची चूक सहज होते. विमानाच्या बॅगा तोलायचा हुकवाला डिजिटल काटा स्वस्त मिळतो. मांजर पिंजऱ्यासकट त्याला अडकवा आणि रिकाम्या पिंजऱ्याचं वजन वजा करा. पिल्लासाठी स्वयंपाकघरातला काटा पुरतो, त्याला मात्र रोज तोला.

मोठ्या मांजराचं वजन आठवड्याला पन्नास ते शंभर ग्रॅमने वाढत असेल तर छान चाललंय. पहिल्या आठवड्यात एकदम जास्त वाढ दिसली तर ती बरीचशी पाण्याची आणि भरलेल्या आतड्यांची असते. एखाद्या आठवड्यात काटा थांबला तर घाबरू नका. पण नीट मोजून दिलेलं सगळं खाऊनही दोन-तीन आठवडे वजन जागचं हललं नाही, तर खाणं आणखी वाढवण्याआधी डॉक्टरांकडे परत जा, कारण आता प्रश्न अंगी का लागत नाही हा आहे. काट्याआधी बदल अंगावर दिसतात: केस मऊ पडतात, अंग चाटून स्वच्छ ठेवणं पुन्हा सुरू होतं, दोरीमागे धावणं येतं. स्नायू अशा खेळानेच परततात, म्हणून त्याला रोज थोडं पळवा.

नसबंदीची घाई या काळात करू नका. भूल सोसण्याइतकं अंग भरलं की डॉक्टरच तारीख देतील. आणलेल्या मांजराच्या कानाचं टोक सरळ कापलेलं असेल तर त्याची नसबंदी आधीच झालेली असते. शस्त्रक्रियेनंतर ऊर्जेची गरज बरीच कमी होते आणि भूक मात्र वाढते. म्हणून बरगड्यांवर पातळ थर आला, मणके बोचेनासे झाले, की पिल्लांचं खाणं बंद करून मोठ्यांच्या खाण्यावर आणा आणि कॅलरी पुन्हा मोजा.

काटा माळ्यावर टाकू नका, महिन्यातून एकदा तोलत राहा. साडेतीन किलोच्या मांजराचे साडेतीनशे ग्रॅम उतरले तर डोळ्यांना काहीच कळत नाही, पण ते दहा टक्के असतात. साठ किलोच्या माणसाचे सहा किलो गेल्यासारखे. मूत्रपिंडाचा आजार किंवा थायरॉइड यांची पहिली खूण अनेकदा हीच असते, आणि वहीत मागच्या महिन्याचा आकडा लिहिलेला असेल तर डॉक्टरांना तो पहिल्या भेटीतच दाखवता येतो.